दुसऱ्यासाठी निवडलेली गाणी

आवडलेले गाणे दुसऱ्यास ऐकविल्यावाचून राहवत नाही, हा रसिकाचा जुना स्वभाव आहे. पूर्वी त्यासाठी माणसाला घरी बोलवावे लागे. ग्रामोफोनला चावी द्यावयाची, सुई बदलावयाची आणि तीन मिनिटे सगळ्यांनी गप्प बसावयाचे. पुढे कॅसेट आली आणि गाणी पाहुण्याबरोबर त्याच्या गावी जाऊ लागली. आता ती खिशातल्या फोनवरून क्षणात सातासमुद्रापार पोचतात. साधने बदलली, पण दहा-वीस गाणी निवडून, त्यांचा क्रम लावून, ती एका विशिष्ट माणसाच्या हाती देणे ही गोष्ट निराळीच आहे. ती एक लहानशी मैफल होय, आणि तिचा यजमान गाणारा नसतो, निवडणारा असतो.

माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात तबलजी होते. १९४८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांचे नाव पटावर चढले. आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे दरबारची चाकरी जेमतेम वर्षाची आणि तिचा अभिमान जन्माचा! पुढे त्यांनी आयुष्यभर शिकवण्या केल्या. जुन्या गवई-बजवय्यांचा एक स्वभाव त्यांच्यातही होता. घराण्याच्या ठेवणीतला कायदा ते सहजासहजी कोणास देत नसत. ‘विद्या मागून मिळत नाही, राहून मिळते,’ असे त्यांचे म्हणणे. परंतु हाच माणूस कॅसेट भरून देण्याच्या बाबतीत मात्र कर्णाचा अवतार होता. ह्या विसंगतीबद्दल मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अरे, ती गाणी माझी कुठे आहेत? मी फक्त ताट वाढतो.”

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली बाजारात आणली. आपल्याकडे ती घरोघरी पोचली १९८० नंतर. साठ मिनिटांच्या कॅसेटीला एका अंगास तीस मिनिटे. दहा इंची जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. म्हणजे एका अंगास नऊ गाणी, फार ओढाताण केली तर दहा. एवढ्याशा जागेत काय बसवावयाचे आणि काय गाळावयाचे, ह्यावर आमच्या घरी दोन-दोन दिवस खल चाले. मी तेव्हा शाळेत होतो. बटण दाबणे आणि आतल्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत यादी लिहिणे, ही माझी कामे.

वडिलांचे नियम ठरलेले होते. कॅसेट कोणासाठी, हे आधी ठरवावयाचे. ‘सर्वांसाठी’ म्हणून एकही भरावयाची नाही. पहिले गाणे ऐकणाऱ्याच्या ओळखीचे हवे. मग चार ओळखीच्या गाण्यांत एक अनोळखी बसवावयाचे. “सगळेच परके असले तर पाहुणा बुजतो, आणि सगळेच ओळखीचे असले तर तो झोपतो,” असे ते म्हणत. बालगंधर्वांच्या पदाशेजारी सुंदराबाई जाधवांची एखादी तबकडी. फैयाजखाँसाहेबांच्या जयजयवंतीनंतर जी. एन. जोशांचे भावगीत. दोन खयाल एकापाठोपाठ द्यावयाचे नाहीत. शेवट भैरवीनेच.

क्रम लावण्यात केवढा अर्थ असू शकतो, ह्याचे एक उदाहरण आपल्याच गावचे आहे. अब्दुल करीम खाँसाहेब तरुणपणी बडोद्याच्या दरबारी आले. येथेच राजघराण्याच्या नात्यातल्या सरदार माने यांची कन्या ताराबाई आणि ते एकत्र आले आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. त्या मुलांपैकी सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही नावे सर्वांस ठाऊक आहेत. हिराबाईंनी तर आपल्या गावाचे नावच आडनाव म्हणून मिरविले. आता एका कॅसेटीवर आधी खाँसाहेबांची झिंझोटी, मग सुरेशबाबूंची तबकडी, मग हिराबाई, मग सरस्वतीबाई, असे ओळीने लावून ऐकावे. कोणीही काही समजावून सांगावे लागत नाही. स्वर लावण्याची तीच हळुवार रीत बापाकडून मुलांकडे कशी आली आणि प्रत्येकाने ती आपापल्या गळ्यात कशी मुरविली, हे कानच सांगतात. संसारात जे दुभंगले, ते अर्ध्या तासात एका पंगतीस बसते. ह्यातले कोणतेही गाणे एकटे ऐकले तर सुंदरच आहे. पण ही गोष्ट मात्र क्रमाशिवाय कळावयाची नाही.

मनुष्यमात्राच्या वतीने निवडलेली अशीच एक यादी १९७७ साली आकाशात गेली. अमेरिकेच्या व्हॉयेजर ह्या दोन यानांवर सोनेरी मुलाम्याची एकेक तबकडी आहे. कार्ल सेगन ह्या शास्त्रज्ञाच्या समितीने तीत संगीताच्या २७ चिजा घातल्या. सगळे मिळून सुमारे ९० मिनिटे, म्हणजे आपल्या मोठ्या कॅसेटीएवढीच जागा! तीत बाख आणि बीथोव्हेन आहेत, तसा चक बेरीही आहे. भारताच्या वाट्यास आलेली एकच चीज म्हणजे गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी. याने निघाली त्या ऑगस्ट-सप्टेंबरातच, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाई वारल्या. आता दोन्ही याने सूर्यमालेच्या वाऱ्यापलीकडे गेली आहेत. ऐकणारा कोण, तो आहे की नाही, हे ठाऊक नसतानाही कोणीतरी नीट निवड केली, ह्याचे मला फार कौतुक वाटते.

निवडीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाव. आपल्याकडे तबकड्यांचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यास सुरू झाले. तेव्हाच्या गौहर जानच्या तबकड्यांत गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगते. तबकड्या तयार व्हावयास जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांस गाणारी कोण हे कळावे, म्हणून ही युक्ती, असे सांगतात. कारण काहीही असो, शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्या तबकडीबद्दल ही कोण, असा प्रश्न पडत नाही. उलट आज फोनवर एखादे अप्रतिम पद येते, आणि त्यावर गायकाचे नाव नाही, रागाचे नाही, नाटकाचे नाही. दहा जणांनी पुढे ढकलल्यावर तर ते चुकीच्या नावावरही चढते. नाव गेलेले गाणे म्हणजे पत्ता पुसलेले पत्र. ते हिंडत राहते, पण घरी पोचत नाही.

वडील प्रत्येक गाण्याआधी स्वतःच्या आवाजात दोन वाक्ये बोलत: गायक कोण, राग कोणता, आणि ‘ह्यात अमुक जागा ऐक’. त्यांचे स्वतःचे तबलावादन कोणी कधी मुद्रित केले नाही. २००६ साली ते गेले, तेव्हा आमच्याकडे त्यांचा आवाज म्हणून काहीच नव्हते. काही महिन्यांनी इंदूरला दिलेली त्यांची एक जुनी शिष्या माहेरी आली. तिच्या लग्नात वडिलांनी दिलेली कॅसेट तिने जपून ठेवली होती, ती तिने माझ्या हाती दिली. अठरा गाणी आणि मधूनमधून वडील. तिसऱ्या गाण्याआधी त्यांना खोकला येतो आणि ते ‘थांब हं’ म्हणतात. ते मला म्हटलेले आहे, कारण बटणावर मी होतो. दुसऱ्यांची गाणी जपता जपता त्या मुलीने आमचा माणूस जपला. मी तिची प्रत करून घेतली आणि मूळ कॅसेट तिची तिला परत दिली.

बडोद्यातल्या जुन्या घरांत, दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत, माळ्यावरच्या ट्रंकांत अशा कॅसेटी आणि तबकड्या अजून पडून असतील. तबकडी लाखेची, पडली की फुटते. कॅसेटीच्या फितीला बुरशी लागते, तिच्यावरचा लेप सुटतो. त्या वाजविणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत. मुंबईस १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ह्या संस्थेने जुन्या तबकड्यांचे मोठे काम केले आहे. पण प्रत्येक माळ्यावर संस्था चढू शकत नाही. ते घरच्यांनीच केले पाहिजे. कायद्याचीही फार धास्ती नको: आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांनी संपतो.

माझ्या विद्यार्थ्यांस मी आता हाच अभ्यास देतो. घरातल्या एका माणसासाठी नऊ गाणी निवडा. त्यात दोन तरी अशी असावीत, जी त्याने कधी ऐकलेली नाहीत. क्रम लावा. प्रत्येक गाण्यापूर्वी गायकाचे, रागाचे आणि कवीचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगा. साधन फोन असले तरी चालेल. त्यात कमीपणा काही नाही. पोरे पहिल्यांदा कुरकुरतात, मग आजीला काय आवडेल ह्यावर भांडू लागतात. त्या भांडणात ती जितके गाणे ऐकतात, तितके माझ्या तासाला ऐकत नाहीत.