सोलापूरची हवा आणि गिरणीतले सूत

शाळेच्या सहलीसाठी सोलापूरचे नाव सहसा कोणी सुचवीत नाही. वाट वाकडी करून गेलेच, तर सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन मंडळी तुळजापूर किंवा अक्कलकोट गाठतात. एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर जागे होणाऱ्या या शहरात विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पाहण्यासारखे बरेच आहे. मात्र जावे रेल्वेने, आणि सोबत दोन साधे तापमापक न्यावेत.

एका तापमापकाच्या फुग्याभोवती ओली मलमल गुंडाळावी. पाण्याचे बाष्पीभवन होऊन तो फुगा थंड होतो. हवा जितकी कोरडी, तितका दोन तापमापकांतील फरक मोठा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईहून निघून कर्जत, लोणावळा, दौंड, कुर्डुवाडी अशा ठिकाणी, डब्यातच पण उन्हापासून दूर, वारा घालून नोंदी कराव्यात. घाट ओलांडला की फरक वाढू लागतो. सोलापूर पर्जन्यछायेत आहे. लोणावळ्याच्या एक चतुर्थांशही पाऊस तेथे पडत नाही. पण फरक वाढण्यात दुपारच्या उन्हाचाही वाटा असतो, हे विसरू नये. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. बाष्प तेवढेच राहिले तरी नुसत्या तापण्याने १०० टक्के आर्द्रतेची हवा ३३ टक्क्यांवर येते! म्हणून प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहावी आणि परतताना पुन्हा मोजावे.

आता गिरण्यांकडे वळू. सोलापूरला लोहमार्ग १८६० साली पोहोचला. बोरघाटातला मार्ग मात्र १८६३ मध्ये खुला झाला. परिसरातला कापूस, शहरातले विणकर आणि मुंबईशी जोडणारी रेल्वे या बळावर १८७७ मध्ये पहिली गिरणी चालू झाली. तीच ‘जुनी मिल’. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. आज यांपैकी एकही चालू नाही.

कोरडी हवा ही या उद्योगाची जुनी अडचण. कापसाचा तंतू हवेतले पाणी शोषतो. ६५ टक्के आर्द्रतेला त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के. ओलावा असला की कापूस अधिक बळकट होतो. हवा कोरडी झाली की तंतू ठिसूळ होतात, घर्षणाने स्थिर विद्युतभार साचतो, ते एकमेकांपासून फाकतात आणि सूत तुटते. मुंबईला ओलावा समुद्राने फुकट पुरवला. सोलापूरला तो निर्माण करावा लागे. हातमागवाल्यांची युक्ती सोपी होती: माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवायचा, म्हणजे ताणा ओलसर भुईजवळ राहतो. गिरणीत मात्र हवेतच वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडावे लागत.

येथे सुताचे आणि माणसाचे हित परस्परविरुद्ध जाते. आपले शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड राहते. आपण त्या ओल्या फुग्यासारखेच आहोत. तापलेल्या खात्यात हवा दमट केली की धागा तुटत नाही, पण कामगाराचा घामही वाळत नाही. ब्रिटनने १८८९ मध्ये विणकामाच्या शेडमधील कृत्रिम आर्द्रतेवर कायद्याने मर्यादा घातली. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १५ याच विषयाचे होते. हवेत सोडायचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या स्रोतातले किंवा शुद्ध केलेले असावे, असे ते सांगत असे, कारण ते तुषार श्वासावाटे फुप्फुसात जातात.

गिरण्या बंद पडल्या, तरी चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत पाहायला मिळतात. आधी परवानगी घ्यावी. मागाजवळ आणि बाहेर सावलीत, दोन्हीकडे तापमापक वाचावेत. उन्हाळ्यात धागा किती वेळा तुटतो, हे कारागिराला विचारावे. मोबदला किती मीटर विणले त्यावर मिळतो की तासांवर, हेही विचारावे.

तेथूनच सुताची एक लडी मागून आणावी. काही धागे कडक उन्हात वाळवून, काही पाण्यात भिजवून, वजने टांगत ते कधी तुटतात हे वर्गात तपासता येईल. प्रत्येकी किमान दहा धागे घ्यावेत. सूत निव्वळ कापसाचे आणि बिनखळीचे आहे, याची खात्री आधी करून घ्यावी. पॉलिएस्टरच्या धाग्यात ओल्या-सुक्याचा फरक जवळजवळ दिसत नाही.