समतोल आहार आणि घरातील शेवटचे ताट

काही महिन्यांपूर्वी वसईतील एका घरी आम्ही आजारी व्यक्तीला भेटावयास गेलो होतो. आजारी होते ते घरचे वडीलधारे गृहस्थ. परंतु आमचे लक्ष वेधले ते त्यांच्या सुनेने. चहा घेऊन येतानाच तिला धाप लागली होती. जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी येते, असे तिने सांगितले. त्यावर ‘हिला कामाचा कंटाळा!’ असे कोणीतरी हसत म्हणाले. पुढे रक्ततपासणी झाली, तेव्हा हिमोग्लोबिन अवघे 7.5 निघाले. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या एक डेसिलिटर रक्तात ते किमान 12 ग्रॅम असावयास हवे.

हे घर गरीब नव्हते. परसात केळी व शेवगा, दारावर ताजी मासळी, आणि घरात दोन पगार. तरीही घरातील एक व्यक्ती दिवसेंदिवस खंगत होती आणि ते कोणाच्याही ध्यानात आले नाही. म्हणूनच समतोल आहाराविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटले.

समतोल आहार म्हणजे महागडा आहार नव्हे. शरीराला उष्णता व शक्ती देणारी कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ, झीज भरून काढणारी प्रथिने आणि शरीराचे व्यवहार सुरळीत ठेवणारी जीवनसत्त्वे, खनिजे व तंतुमय पदार्थ हे सारे योग्य प्रमाणात पोटात जाणे म्हणजे समतोल आहार. यांपैकी एकाचा अतिरेक आणि दुसऱ्याचा अभाव झाला, की पोट भरूनही शरीर उपाशी राहते.

आपल्या किनारपट्टीवरील ताटात मोठा वाटा भाताचा असतो. आपल्या वाडवडिलांनीही तो भरपूर खाल्ला. परंतु पहाटेपासून रहाटावर, वाडीत व शेतात राबून त्यांनी तो जिरवलाही. आज त्यांची नातवंडे लोकलने मुंबईला जातात आणि दिवसभर खुर्चीवर बसून काम करतात. श्रम घटले, भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला. पांढऱ्या तांदळातील पिष्ट पदार्थांची साखर लवकर होते व रक्तात चढते. भरपेट भातानंतर येणारी सुस्ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्याची कारणे अनेक आहेत; आपले ताट हे त्यांपैकी आपल्या हाती असलेले एक कारण होय.

मग ताटात काय व किती असावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी त्यात सुचविलेले कच्च्या वजनाचे प्रमाण असे आहे : धान्ये 250 ग्रॅम, डाळी व कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, दूध वा दही 300 मिलिलिटर, दाणे व तेलबिया 35 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम. मांसाहारी कुटुंबांत डाळीचा काही वाटा मासळी, अंडी वा मांस घेऊ शकते. मिठाविषयीचा सल्ला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत, असा आहे. सुकी मासळी, पापड व लोणचे आवडीने खाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तराजू घेऊन जेवावयास बसण्याची आवश्यकता नाही. भाताची एक वाढ कमी करावी व त्या जागी भाजी घ्यावी. ताटाचा अर्धा भाग भाजी व फळांनी भरला, तर हिशेब बराचसा जुळतो. भात व डाळ एकत्र खाण्याची आपली जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तर डाळीत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. मात्र पाण्यासारखे पातळ वरण पुरेसे नाही. मासळीच्या कालवणाचा नुसता रस भातावर ओतला, तर प्रथिने मिळतात ती वाटीत राहिलेल्या तुकडीला, आपल्याला नव्हे! आठवड्यातून काही वेळा नाचणीची भाकरी घ्यावी. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात ते अत्यल्प असते.

आता त्या सुनेकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील दर 100 स्त्रियांपैकी 57 जणींना रक्तक्षय आहे. मासे, मांस व कलेजीतील लोह शरीर सहज शोषून घेते. पालेभाज्या व कडधान्यांतील लोह मात्र थोडेच शोषले जाते. जेवणासोबत लिंबू, पेरू वा आवळा असेल, तर हे शोषण वाढते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते घटते. म्हणून चहा आणि जेवण यांत किमान तासाभराचे अंतर असावे. रक्तक्षय तीव्र असेल तेव्हा केवळ आहारावर विसंबून राहू नये. डॉक्टरांकडून कारण शोधून औषध घेणे आवश्यक असते. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही आहारात बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

आणखी एक गोष्ट कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. जेवणापूर्वीची प्रार्थना आपल्या घरांत सर्वजण एकत्र म्हणतात. परंतु प्रार्थना संपताच घरातील एक व्यक्ती उठून वाढावयास लागते. सर्वांची जेवणे आटोपल्यावर ती बसते, तेव्हा भाजी संपलेली असते आणि मासळीचे डोके वा शेपूट तेवढे उरलेले असते. उरलेल्या भातावर रस घेऊन ती जेवण उरकते. अशा ताटात तोल कोठून येणार? भाजी-मासळीचे वाटे पानावर बसण्यापूर्वीच करावेत आणि शक्य तेथे सर्वांनी एकाच वेळी जेवावे. यासाठी एक पैसाही अधिक खर्च होत नाही.

त्या सुनेवर उपचार सुरू झाले असून तिला आता बरे वाटू लागले आहे. गेल्या भेटीत आम्हांला चहा तिच्या पतीने आणून दिला आणि ती आमच्याशी बोलत बसली होती. आज रात्री जेवावयास बसताना आपणही एकवार घरातील शेवटच्या ताटाकडे पाहावे, एवढीच वाचकांना आमची विनंती आहे.