सोळा सेक्टरांची मोकळी जागा

१९८८ साली सीडीवरच्या फाइलींची मांडणी ठरवणारं आयएसओ ९६६० हे मानक आलं, तेव्हा पेन ड्राइव्ह कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तरीही मानककर्त्यांनी सुरुवातीचे १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मोकळे सोडले. ज्या यंत्रणेला गरज पडेल, तिनं ते वापरावेत. पीसीच्या बहुतेक सीडींवर तिथं पुढची वीस वर्षं नुसती शून्यं होती.

१९९५मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल टोरिटो’ आणलं. सीडीवरून संगणक सुरू करताना बायोस या संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरनं १७ क्रमांकाचा सेक्टर वाचायचा, असं ठरलं. मोकळी जागा मोकळीच राहिली. लिनक्सच्या नॉपिक्ससारख्या, थेट सीडीवरून चालणाऱ्या लाइव्ह सीडी, उबंटूच्या फुकट घरपोच येणाऱ्या सीडी, सगळ्या याच वाटेनं चालल्या.

मग २००७मध्ये इइइ पीसी हा छोटा लॅपटॉप आला, पुढच्या वर्षी मॅकबुक एअर. दोन्हींत सीडी ड्राइव्हच नाही. सीडीची अख्खी प्रत असलेली फाइल, म्हणजे आयएसओ, जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर उतरवली, तर संगणक ढिम्म हलत नसे. कारण बायोस पेन ड्राइव्हला बहुधा हार्ड डिस्क समजतो, तिचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि शेवटी ५५ एए ही खूण शोधतो. तिथं शून्यं. युनेटबूटिनसारखी साधनं फाइली बाहेर काढून नवा बूटलोडर (यंत्रणा सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) बसवत. काम भागायचं, पण लिनक्सच्या एखाद्या वितरणानं आतली मांडणी बदलली की सगळं अडायचं.

२००८मध्ये सिसलिनक्स या बूटलोडरची ३.७२ ही आवृत्ती आली. एच. पीटर अँविन यांच्या या प्रकल्पानं ‘आयसोहायब्रिड’ दिलं आणि त्या मोकळ्या जागेत हार्ड डिस्कचा बूट सेक्टर लिहिला. सीडी म्हणून वाचणारा तिकडे बघत नाही, डिस्क म्हणून वाचणारा तिथूनच सुरू होतो. माझ्या मते, या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे.

पुढे मॅथ्यू गॅरेट यांनी बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयची आणि मॅकची भर घातली, तेव्हा ती आणखी खुलली. मॅकच्या पार्टिशन नकाशाला सुरुवातीला ‘ई’ आणि ‘आर’ ही रोमन अक्षरं लागतात, म्हणजे षोडशमान पद्धतीत ४५ आणि ५२ हे बाइट. पीसीचा प्रोसेसर मात्र तेच बाइट आज्ञा म्हणून चालवतो: एका रजिस्टरात एक मिळव, दुसरं स्टॅकवर ठेव. काहीच बिघडत नाही, आणि तो पुढे सरकतो.

२०११च्या डेबियन ६ या लिनक्स वितरणापासून अशा आयएसओ अधिकृतपणे मिळू लागल्या. आज त्या बनवायला टोमास श्मिट यांचं झोरिसो हे साधन सर्रास वापरतात. पेन ड्राइव्हवर उतरवायला डीडी या आज्ञेची एक ओळ पुरते. मात्र ड्राइव्हच्या नावातलं एक अक्षर चुकलं, तर घरची हार्ड डिस्क पुसली जाते, म्हणून आधी ड्राइव्हची यादी दाखवणारी एलएसबीएलके ही आज्ञा चालवून खात्री करावीच.

विंडोजच्या आयएसओ या वाटेला आल्या नाहीत, त्यांच्यासाठी रूफससारखं साधन लागतं. २०२०च्या व्हेंटॉय या साधनामुळे तर एकाच ड्राइव्हवर दहा आयएसओ नुसत्या फाइली म्हणून ठेवता येतात. सोय मोठीच. पण पेन ड्राइव्हच्या अगदी पहिल्या सेक्टरपासूनचे बाइट मूळ फाइलीशी चेकसमनं शेवटच्या बिटापर्यंत पडताळून पाहायचे, तर मला अजूनही हायब्रिड आयएसओ आणि डीडीच हवं असतं.