शाळेचे वेळापत्रक कसे बसवतात

उमापूर हे बीड जिल्ह्यातले, गेवराई तालुक्यातले गाव. अशा मोठ्या गावच्या माध्यमिक शाळेत आसपासच्या वाड्यांवरची मुलेही शिकायला येतात. शाळेत गेलात, तर हेडमास्तरांच्या खोलीजवळ भिंतीवर एक मोठा कागद दिसेल. त्यावर उभ्या-आडव्या रेघा असतात. रेघांच्या घरांत विषयांची नावे असतात. हेच शाळेचे वेळापत्रक. तुम्हांला आता वाचता येते. म्हणून हा कागद कसा तयार होतो, ते आम्ही सांगतो.

एका विहिरीवर तीन भावांची शेते आहेत, असे समजा. पाणी एकच. एकाच वेळी तिघांना पुरेल एवढे पाणी निघत नाही. मग पाळी लावतात. शाळेतही तसेच. आठवी, नववी, दहावी असे वर्ग तीन आणि गणिताचे मास्तर एकच. त्यांची पाळी लावावी लागते.

आधी हिशेब करतात. सोमवार ते शुक्रवार रोज ८ तासिका. त्या झाल्या ४०. शनिवारी सकाळच्या शाळेत ५ तासिका. एकूण ४५. एका वर्गाला आठवड्यात ४५ तासिका मिळाल्या. त्या विषयांना वाटून द्यायच्या. समजा गणिताला ८, इंग्रजीला ७, विज्ञानाला ७, मराठीला ६, इतिहास-भूगोलाला ६, हिंदीला ४. खेळ, चित्रकला वगैरेंना उरलेल्या ७. बेरीज करून पाहा. बरोबर ४५ भरतात.

मग मांडणी करतात. सोमवारच्या पहिल्या तीन तासिका पाहा.

पहिली तासिका: आठवीला गणित, नववीला इंग्रजी, दहावीला विज्ञान.
दुसरी तासिका: आठवीला विज्ञान, नववीला गणित, दहावीला इंग्रजी.
तिसरी तासिका: आठवीला इंग्रजी, नववीला विज्ञान, दहावीला गणित.

आता एकेक ओळ वाचा. एका ओळीत एक विषय एकदाच आला आहे. म्हणजे कोणत्याही मास्तरांना एका वेळी दोन वर्गांवर जावे लागत नाही. हा पहिला नियम. तो मोडला, तर एक वर्ग रिकामा बसतो.

दुसरा नियम असा. अडचणीचे आधी बसवावे, सोपे मागून. पोत्यात मोठे कणीस आधी भरतो, बारके फटींत बसते. ज्या मास्तरांना तिन्ही वर्गांवर जायचे, त्यांच्या तासिका आधी लिहाव्यात.

हे दोन्ही नियम पाळूनही आमची एकदा चूक झाली. आम्ही एका शाळेवर हेडमास्तर होतो. दहावीचे गणित आठवड्यातून चार दिवस शेवटच्या तासिकेला बसवले होते. कागदावर सारे बरोबर होते. पण दूरच्या वाडीवरच्या मुली एस.टी.साठी शेवटची तासिका सोडून जात. पुढची गाडी अंधार पडल्यावर होती. मुली अभ्यासाला टाळतात, असे आम्हांला वाटे. आम्ही त्यांना रागावलोही.

एके दिवशी एका मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, पोरगी म्हणती रोज गणितच बुडतंय. ते दुपारच्या आधी नाही का घेता येत?"

त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. पण आम्हांला न दिसलेली चूक तिने दाखवली. एस.टी.ची वेळ बदलणे आमच्या हाती नव्हते. तासिका बदलणे होते. आम्ही त्याच आठवड्यात गणित सकाळी आणले आणि शेवटी खेळ ठेवला. मग त्या मुलींचा खेळ बुडू लागला. तेव्हा शेवटच्या तासिकेला आळीपाळीने वेगवेगळे विषय लावले. तोटा एका विषयावर पडेना. पण सहामाही होऊन गेली होती. ती मुलगी त्या वर्षी गणितात नापास झाली. आमची चूक तिला भोवली.

शिक्षण हक्काच्या २००९ सालच्या कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला निदान २२० दिवस आणि १००० तास शिकवावे, असे ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाला सरासरी साडेचार तास. पण शाळेने तास दिले तरी मूल त्या वेळी वर्गात हवे. नाहीतर पाणी पाटाला आणि पीक कोरडे!

म्हणून शाळेत जाल तेव्हा तो कागद वाचा. आपल्या मुलाचा वर्ग शोधा. पहिली तासिका कशाची, शेवटची कशाची, ते पाहा. मुलाला विचारा, "आज कोणता तास झाला नाही?" काही अडचण असेल तर हेडमास्तरांना नीट सांगा. संकोच करू नका. वेळापत्रक पेन्सिलीने लिहितात, ते खोडता येते. मुलाचे गेलेले वर्ष मात्र परत येत नाही.