मुलांच्या अंगणातला धर्मगुरू

मुंबईत माटुंगा, बोरिवली या भागांत राहणाऱ्यांना 'डॉन बॉस्को' हे नाव नवे नाही. शाळेच्या पाटीवर ते रोज दिसते. मात्र हा माणूस कोण होता, हे त्या शाळांत मुलांना पोहोचवणाऱ्या पालकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. 'डॉन' म्हटले की आपल्याला हिंदी चित्रपट आठवतो, पण इटलीत कॅथलिक धर्मगुरूला आदराने 'डॉन' म्हणतात. जॉन बॉस्को हे एकोणिसाव्या शतकातले असेच एक धर्मगुरू. त्यांनी सारे आयुष्य तरुण मुलांच्या संगतीत घालवले.

उत्तर इटलीतील बेक्की या खेड्यात १६ ऑगस्ट १८१५ रोजी त्यांचा जन्म झाला. दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच वडील वारले. आई मार्गेरिता निरक्षर होती, पण खंबीर होती. शिकण्याची हौस असलेल्या जॉनला सावत्र भावाचा विरोध सोसावा लागला, परक्याच्या शेतावर गडी म्हणून राबावे लागले. पुढे शिक्षणासाठी त्यांनी शिंप्याच्या हाताखाली काम केले, कॉफीच्या दुकानातही केले. जत्रेतले डोंबारी पाहून ते दोरावर चालायला शिकले. गावच्या पोरांना जमवून ते कसरती दाखवत. त्या खेळाला तिकीट नसे. फक्त मधे सर्वांनी मिळून प्रार्थना करायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेले प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचे!

तुरुंगातली मुले

१८४१ च्या जूनमध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि ते तुरीन शहरात आले. शहर वाढत होते. गवंड्याच्या हाताखाली विटा वाहण्यासाठी, धुराडी साफ करण्यासाठी खेड्यापाड्यांतून मुले येत. ना घर, ना शाळा, ना ओळखीचे कोणी. त्यांचे गुरू डॉन काफास्सो त्यांना तुरुंगभेटीला घेऊन जात. तिथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार मुले गजांआड पाहून ते हादरले. त्याहून मोठा धक्का होता तो सुटलेली मुले पुन्हा तिथेच परतताना पाहण्याचा. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते, हे कारण त्यांनी तिथेच ओळखले. अशा मुलाला बाहेर एक जरी मित्र असता, तर तो परत आत आला असता का? हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

८ डिसेंबर १८४१ रोजी एका चर्चमध्ये ते मिस्सेची तयारी करत होते. थंडीने कुडकुडत एक गवंडीकाम करणारा पोरका मुलगा आत आला. त्याला मिस्सेत मदत करता येत नाही हे कळताच चर्चच्या सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्को सेवकाला म्हणाले, तो माझा मित्र आहे, त्याला परत बोलवा. वास्तविक त्यांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले होते. मिस्सा झाल्यावर त्यांनी त्याचे नाव विचारले, घरचे कोण आहेत ते विचारले आणि मग शिकवायला सुरुवात केली. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. त्यांचे काम सुरू झाले ते इथून.

रविवारी शेकडो मुले जमू लागली, तसा गोंगाटही वाढला. शेजारी तक्रार करत, जागामालक जागा काढून घेत. कधी गिरणीचे आवार, कधी स्मशानाजवळचे चर्च, कधी भाड्याचे मैदान अशी ही वरात फिरत राहिली. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को या वस्तीत एक मोडकी छपरी भाड्याने मिळाली. त्याच उन्हाळ्यात डॉन बॉस्को अतिश्रमाने मरणाच्या दारी पोहोचले. दिवसभर विटा वाहणारी मुले त्यांच्यासाठी उपास धरून प्रार्थना करत राहिली. बरे झाल्यावर त्यांनी मुलांना सांगितले, हे आयुष्य तुमच्यामुळे मिळाले आहे, तेव्हा यापुढे ते तुमच्यासाठीच खर्च होईल.

आईचा हात

आजारातून उठल्यावर ते एकटे परतले नाहीत. अठ्ठावन्न वर्षांची आई गावचे घर सोडून त्यांच्याबरोबर आली. लग्नातले जपून ठेवलेले कपडे आणि किडूकमिडूक तिने मुलांपायी विकले. १८४७ च्या मे महिन्यात, एका पावसाळी रात्री, चिंब भिजलेला एक मुलगा दारात उभा राहिला. कामाच्या शोधात तो शहरात आला होता आणि जवळचे पैसे संपले होते. आधी आसरा दिलेली काही मुले पांघरुणे घेऊन पळाली होती. तरीही मायलेकांनी विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरात त्याचे अंथरूण घातले. झोपण्यापूर्वी मार्गेरिताने त्याला कामाचे, प्रामाणिकपणाचे आणि देवाचे चार शब्द सांगितले. रात्रीच्या या दोन-तीन मिनिटांच्या बोलण्याची पुढे प्रथाच पडली आणि डॉन बॉस्कोंच्या संस्थांत ती आजही पाळली जाते.

ही माउली मात्र थकत होती. एकदा लढाईचा खेळ खेळताना पोरांनी तिचा भाजीचा वाफा पार तुडवून टाकला. त्या सुमारास एका संध्याकाळी, पोरांचे कपडे शिवताना ती लेकाला म्हणाली, मला आता गावी जाऊ दे. डॉन बॉस्कोंनी काही युक्तिवाद केला नाही. भिंतीवरच्या क्रूसाकडे नुसते बोट दाखवले. तिने तिकडे पाहिले आणि पुन्हा सुई हातात घेतली. १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती तिथेच राहिली.

श्रद्धा आणि हिशेब

डॉन बॉस्कोंचा दिवस पहाटेच सुरू होई. सकाळी मुलांची पापनिवेदने ऐकणे आणि मिस्सा, मग मदतीसाठी श्रीमंतांचे उंबरे झिजवणे, संध्याकाळी कामावरून आलेल्या मुलांचा वर्ग, रात्री लेखन. डोक्यावर पाववाल्याची उधारी कायमची. बांधकामासाठी त्यांनी सोडतीची तिकिटेसुद्धा विकली. देव पुरवील, असे ते म्हणत आणि पत्रे लिहायला बसत. त्यांची श्रद्धा हातावर हात ठेवून बसणारी नव्हती.

मुलांना काम देणाऱ्या मालकांशी ते लेखी करार करत. १८५२ मधला असा एक करार आजही जपलेला आहे. सुतारकाम शिकणाऱ्या त्या मुलाला धंद्याबाहेरच्या कामाला जुंपायचे नाही, चुकल्यास शब्दांनी समजवायचे, मारायचे नाही, रविवारी व सणाला सुटी द्यायची, असे मालकाने मुद्रांकाच्या कागदावर मान्य केले होते. १८५३ पासून त्यांनी स्वतःच्या आवारात चांभारकाम व शिवणकाम सुरू केले. मागोमाग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आली.

१८५४ मध्ये तुरीनमध्ये कॉलरा आला. लोक आजाऱ्यांच्या जवळ जाईनात, तेव्हा डॉन बॉस्कोंची चाळीसहून अधिक मुले शुश्रूषेला गेली. घरातल्या चादरी संपल्या तेव्हा मार्गेरिताने वेदीवरचे कापडही देऊन टाकले. त्या मुलांपैकी एकही दगावला नाही.

त्याच वर्षी दोमिनिको साव्हियो हा बारा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. त्याला संत व्हायचे होते. त्यासाठी तो कडाक्याच्या थंडीत पातळ पांघरूण घेई, अंथरुणात टोचणाऱ्या वस्तू ठेवी. डॉन बॉस्कोंनी हे सारे बंद केले. आपला अभ्यास नीट कर, प्रार्थना कर, मित्रांच्या उपयोगी पड, खेळ आणि आनंदी राहा, एवढेच त्यांनी सांगितले. देहदंडाला पुण्य मानण्याच्या त्या काळात एका धर्मगुरूने मुलाला खेळायला पाठवावे, हे विशेषच होते.

प्रेम जाणवले पाहिजे

१८५९ मध्ये त्यांनी याच मुलांमधून घडलेल्या तरुणांना घेऊन सालेशियन संघ स्थापला. १८७७ मध्ये आपली शिक्षणपद्धती लिहून काढली. तिचा पाया तीन गोष्टींवर होता: समजुतीने सांगणे, धर्मश्रद्धा आणि माया. मुलाने चूक केल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक होण्याआधी मोठ्यांनी जवळ असावे, असे त्यांचे म्हणणे.

१८८४ साली मात्र त्यांना वेगळेच दिसू लागले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी, अतिवापराने विरलेल्या कोटासारखी तुमची प्रकृती झाली आहे, आता फक्त विश्रांती घ्या, असे बजावले होते. तशाही स्थितीत, १० मे रोजी, त्यांनी रोमहून आपल्या सहकाऱ्यांना एक लांब पत्र पाठवले. स्वप्नात दोन पटांगणे दिसली, असे त्यात सांगितले आहे. पहिल्यात पूर्वीसारखे गुरू-शिष्य एकत्र धावत, हसत होते. दुसऱ्यात मुले कंटाळून खांबांना टेकलेली, काही कोपऱ्यात कुजबुजणारी, आणि गुरुजन आपापसांत बोलत येरझाऱ्या घालणारे. हे गुरू मुलांसाठी राबत नव्हते का? राबत होते. त्यांचे मुलांवर प्रेमही होते. पण मुलांना ते जाणवत नव्हते. मुलांना आवडते त्यात तुम्ही रस घेतलात, तरच तुम्हाला आवडते त्यात मुले रस घेतील, असे या पत्राचे सांगणे आहे.

३१ जानेवारी १८८८ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९३४ मध्ये त्यांना संतपद मिळाले. १९०६ मध्ये त्यांचे सहकारी तंजावरला आले आणि तिथून भारतातले काम वाढले. मुंबईत वडाळ्याला रस्त्यावरच्या मुलांसाठी १९८७ पासून त्यांच्या संघाचे आश्रयस्थान आहे. या संस्थांतून सर्व धर्मांची मुले शिकतात.

आईवडील मुलांसाठी काय करत नाहीत? फी भरतात, शिकवण्या लावतात, रात्री उशिरापर्यंत कामावर थांबतात. डॉन बॉस्कोंच्या पत्रातले दुसऱ्या पटांगणावरचे गुरूही असेच कष्टाळू होते. मुलाला काय दिले याचा हिशेब ठेवणे सोपे असते; त्याच्या खेळात, गाण्यात, त्याच्या वेड्यावाकड्या गप्पांत आज आपण किती वेळ होतो, हे मोजायला मात्र कठीण जाते. मार्गेरिताकडे द्यायला विटांवरच्या चार फळ्या आणि झोपण्यापूर्वीची दोन मिनिटे एवढेच होते. त्या पावसात भिजलेल्या मुलाला त्या रात्री तेवढे पुरले.