आधी मोल, मग कुऱ्हाड

चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी मुक्कामाला असलेल्या घोडदळाला शिवाजी महाराजांनी पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात एक उंदीर येतो. छावणीत रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजी खाक होतील आणि ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, असा इशारा महाराज देतात. चुली, तंबाखूसाठी घेतलेला विस्तव, सुटलेला वारा, काहीच सुटलेले नाही. दाणावैरण आत्ताच उधळलीत, तर पुढे कुणब्यांना लुटाल, हेही त्यात बजावले आहे. ‘पर्यावरण’ हा शब्द तिथे नाही. काळजी आहे ती घोड्यांची आणि रयतेची. पण गवत राखण्याची जबाबदारी थेट जुमलेदार-हवालदारांवर टाकली आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

सैन्याने निसर्ग राखण्याची ही जबाबदारी आंतरराष्ट्रीय कायद्याने स्पष्ट शब्दांत मांडली ती व्हिएतनामची जंगले विषारी फवाऱ्याने उजाड झाल्यानंतर. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलने निसर्गाची ‘व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर’ हानी करणाऱ्या युद्धपद्धतींना मनाई केली. मात्र मनाई लागू व्हायला तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. इतक्या उंच उंबरठ्याआड एखादे गाव, एखादी राई सहज नजरेआड होते. भारतही या प्रोटोकॉलचा सदस्य नाही.

१९९१ मध्ये माघार घेताना इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग नोव्हेंबरात विझली. सुरक्षा परिषदेने पर्यावरणाच्या हानीसह सगळ्या नुकसानीची जबाबदारी इराकवर टाकली. त्याच्या तेलाच्या उत्पन्नातून भरपाई वळती होत राहिली आणि शेवटचा हप्ता २०२२ मध्ये चुकता झाला. नुकसान आधी, हिशेब तीस वर्षांनी.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त हा क्रम उलटा आहे. आरमाराला लाकूड हवेच. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत, आणखी लागल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही कामाचे, पण त्यांना हात लावायचा नाही, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करावे, पैसे द्यावेत, त्याच्या मनाला संतोष वाटला की मगच ते तोडावे.