पाडव्याच्या रात्री आकाशातून गेलं ते काय होतं?

गटाच्या बैठकीत हिशेब संपला की आमच्याकडे गप्पा निघतात. त्यात एक प्रश्न अजूनही येतो: त्या पाडव्याच्या रात्री आकाशात दिसलं ते नक्की काय होतं? आज तेच समजून घेऊ.

तारीख २ एप्रिल २०२२. रात्री पावणेआठचा सुमार. विदर्भातल्या कितीतरी गावांत, मध्य प्रदेशातही, लोकांना आकाशात पेटत्या निखाऱ्यांची रांग सरकताना दिसली. कुणी म्हणालं तारा तुटला, कुणी म्हणालं विमान पेटलं. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर मोकळ्या जागेवर धातूची मोठी कडी येऊन पडली. सुमारे दहा फूट रुंद, वजन ४० किलोच्या आसपास. तालुक्यात धातूचा गोळाही सापडला. नशीब, कुणाला इजा झाली नाही.

अभ्यासकांच्या मते हे चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या रॉकेटचे तुकडे असावेत. मग ते वर्षभराने कसे पडले?

रॉकेट म्हणजे एकावर एक ठेवलेले इंधनाचे डबे समजा. खालच्यातलं इंधन संपलं की तो सुटून पडतो आणि वरचा पेटतो. शेवटचा डबा मात्र उपग्रहाबरोबर वर पोचतो आणि रिकामा झाला तरी पृथ्वीभोवती फिरत राहतो. तिथे हवा अगदी विरळ, पण थोडी असतेच. तिला घासून घासून त्याचा वेग कमी होतो आणि तो खाली खाली येतो. दाट हवेत शिरताना वेग असतो सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त. पुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते, डबा जळतो, फुटतो. आपल्याला दिसली ती ही जळती रांग.

रॉकेट वर जाताना वेगळं दिसतं. ३० डिसेंबर २०२४ ला रात्री १० वाजता आपल्या इस्रोने श्रीहरिकोट्याहून रॉकेट सोडलं. असं रॉकेट चेन्नईसारख्या लांबच्या गावातून पाहिलं, तर क्षितिजावर नारिंगी ठिपका उगवतो, वर चढतो, समुद्राकडे वळतो आणि लहान होत दिसेनासा होतो. उजेड लगेच दिसतो, आवाज मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात. वीस किलोमीटरवर उभं राहिलं तर मिनिटभर वाट पाहावी लागते. फार लांब असलं तर ऐकूच येत नाही. श्रीहरिकोट्याची रॉकेटं समुद्रावरूनच जातात, म्हणजे सुटलेले डबे वस्तीवर पडत नाहीत.

दिवस मावळल्यावर अजून एक गंमत होते. गावात अंधार पडला तरी डोंगराच्या माथ्यावर ऊन असतं ना, तसंच उंच गेलेल्या रॉकेटच्या धुरावर सूर्याचा उजेड पडतो आणि तो चमकतो. १५ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी ओडिशाच्या किनाऱ्याजवळून अग्नी-५ क्षेपणास्त्राची चाचणी झाली, तेव्हा तो उजेड थेट पश्चिम बंगालमध्ये दिसला आणि तिथेही लोक चक्रावले.

आता ओळखायचं कसं? तुटता तारा एक-दोन सेकंदांत विझतो. विमानाचे दिवे लुकलुकतात. उपग्रह म्हणजे न लुकलुकता सरकणारा एकच ठिपका. आणि बरेच तुकडे एकाच दिशेने, रांगेने, सावकाश जळत चालले असतील, तर ते बहुतेक रॉकेटचे अवशेष.

असं काही शिवारात पडलं, तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. भंगारात विकायचा मोह तर नकोच. पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ वर फोन करा. किती वाजता दिसलं, कुठल्या दिशेने गेलं, हे लिहून ठेवा. लाडबोरीची कडी पोलिसांकडे गेली आणि पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आकाशात असं काही दिसलं की अपशकुनाची चर्चा सुरू होते, आणि बोट बहुतेक वेळा एखाद्या बाईकडेच वळतं. कधी ती एकटी राहणारी असते, कधी नवी आलेली सून. तिथे आपण गप्प बसायचं नाही. रॉकेट सोडणारं कोण, ते फिरलं किती दिवस, पडलं का, हे सगळं सांगता येतं. गावातल्या कुठल्याही बाईचा त्यात काडीचा संबंध नसतो. एवढं चार घरांत सांगितलंत, तरी आजचं बोलणं कामी आलं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.